महायुद्ध, पहिले
(२८ जुलै १९१४ – ११ नोव्हेंबर १९१८). जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, ऑटोमन तुर्कस्तान व बल्गेरिया ही मध्यवर्ती राष्ट्रे आणि फ्रान्स, रशिया, ब्रिटन, इटली, जपान, अमेरिकेची संयुक्त संस्थाने इ. दोस्त राष्ट्रे यांच्यात लढले गेलेले विसाव्या शतकातील पहिले जागतिक युद्ध. त्याचा उगम बाल्कन द्वीपकल्पातील एका राजकीय हत्येत झाला. परंतु एका महिन्यात ते सर्व यूरोपभर पसरले आणि यूरोपीय सत्तांच्या वसाहतींमुळे आशिया व आफ्रिका ही खंडेही त्यात ओढली गेली. सहा कोटींहून अधिक सैनिक या युद्धात उतरविण्यात आले आणि त्यांपैकी ९० लाख ते एक कोटी मृत्युमुखी पडले. चार साम्राज्ये लयास गेली. तथापि ज्या प्रश्नांमुळे युद्ध उद्‌भवले, त्यांतील बहुतेक प्रश्न युद्धोत्तर तहांनी सुटले नाहीत. काही अधिकच बिकट झाले. या युद्धाची कारणे व परिणाम यांचा एकत्रित विचार करावा लागतो, तो यामुळेच.

पार्श्वभूमी : फ्रान्सचा पराभव करून १८७१ मध्ये जर्मन साम्राज्य स्थापन झाले आणि आल्सेस-लॉरेन हा प्रदेश जर्मनीकडे गेला. फ्रान्स हा अपमान विसरला नाही. फ्रान्सला एकाकी ठेवणे हे जर्मन चॅन्सेलर बिस्मार्कच्या परराष्ट्रधोरणाचे मुख्य सूत्र होते. त्याने १८७९ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीशी मैत्रीचा करार केला. १८८२ मध्ये इटली त्यात सामील झाल्याने त्रिराष्ट्र मैत्री अस्तित्वात आली. रशियाशीही त्याने गुप्त करार करून संबंध सांभाळले होते. १८९० मध्ये बिस्मार्क अधिकारपदावरून दूर झाला आणि रशियाबरोबरच्या कराराचे नूतनीकरण झाले नाही. त्याचा परिणाम म्हणजे १८९४ मध्ये प्रजासत्ताक फ्रान्स व झारशाही रशिया यांच्यात झालेली मैत्री. जर्मनीच्या पूर्व व पश्चिम अशा दोन्ही सीमांवर शत्रू उभा राहण्याची शक्यता तेव्हापासून निर्माण झाली.

या सुमारास जर्मनीची औद्योगिक प्रगती झपाट्याने होत होती. पोलादाच्या उत्पादनात तिने ब्रिटनला मागे टाकले. दुसऱ्या विल्यम कैसरला वसाहती व आरमार यांचे विशेष आकर्षण होते. ॲडमिरल टिर्पिट्‌सच्या पुढाकाराने १८९८ व १९०० मध्ये आरमारवाढीचे कायदे संमत झाले. अन्नधान्य व कच्चा माल यांसाठी समुद्रमार्गावर अवलंबून असलेल्या ब्रिटनला हे आव्हान वाटले. १९०६ मध्ये ब्रिटनने ‘ड्रेडनॉट’ ही नव्या धर्तीची युद्धनौका बांधली आणि दोन्ही देशांत नौकाबांधणीची स्पर्धा सुरू झाली. ब्रिटनने आपले पूर्वापार अलिप्ततेचे धोरण सोडून १९०४ मध्ये फ्रान्सशी व १९०७ मध्ये रशियाशी समझोते केले. हे समझोते मुख्यतः वसाहतींतील वाद मिटविण्यासाठी होते व त्यांत युद्धात मदतीचे बंधन नव्हते. पण जर्मनीला आपण वेढले जात आहोत असे वाटू लागले. मोरोक्कोच्या प्रश्नावर १९०५ व १९११ मध्ये जर्मनीने फ्रान्सवर दडपण आणले, त्यामुळे ब्रिटन व फ्रान्स अधिकच जवळ आले.

बाल्कनमधील प्रश्न याहून स्फोटक होता. ऑटोमन सत्ता मागे हटत असता तेथील स्लाव्ह राष्ट्रवाद प्रबळ होत गेला. ऑस्ट्रिया-हंगेरी हे अनेक भाषिक समूहांचे साम्राज्य होते. शेजारच्या सर्बियाचे उदाहरण आपल्या स्लाव्ह प्रजेने गिरविल्यास राज्याचे विघटन होईल, अशी भीती व्हिएन्नाच्या राज्यकर्त्यांना वाटे. १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बॉस्निया-हेर्ट्‌सगोव्हिना हा प्रदेश आपल्या राज्यास जोडला. जपानकडून नुकताच पराभूत झालेला रशिया त्या वेळी सर्बियाला साहाय्य देऊ शकला नाही. पुन्हा अशी माघार घ्यावयाची नाही, असा निर्धार त्यानंतर रशियात बळावला. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत सर्बियाचा विस्तार झाला आणि ऑस्ट्रियाची चिंता वाढली.

लष्करी योजनांचे प्राबल्य : केवळ मैत्री-करारांमुळे युद्ध अटळ झाले असे म्हणता येत नाही, कारण १९०५ ते १९१३ या काळातील अनेक पेचप्रसंग याच करारांच्या चौकटीत शांततेने मिटले होते. १९१४ मध्ये राजनीतीला वेळ उरला नाही, यास लष्करी योजना बऱ्याच अंशी कारणीभूत झाल्या. सक्तीच्या लष्करी सेवेमुळे प्रत्येक मोठ्या राष्ट्राकडे लाखो राखीव सैनिक होते व त्यांना रेल्वेने सीमेवर नेण्याची वेळापत्रके आधीच आखलेली होती. जो आधी सैन्य जमवील त्याचा वरचष्मा, असा सर्वत्र समज होता. जर्मन सेनापती श्लीफेन याने १९०५ मध्ये तयार केलेल्या योजनेनुसार तटस्थ बेल्जियममधून फ्रान्सवर चाल करून सुमारे सहा आठवड्यांत त्याचा पराभव करावयाचा व नंतर संथ गतीने सज्ज होणाऱ्या रशियाकडे वळावयाचे होते. म्हणजे रशियाने सैन्य जमविण्यास आरंभ करताच जर्मनीला फ्रान्सवर हल्ला करणे भाग होते, मग मूळ तंटा कोणताही असो. फ्रान्सने १९१३ मध्ये लष्करी सेवेची मुदत तीन वर्षे केली व रशियाने सैन्यवाढीचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. तो १९१७ पर्यंत पुरा होणार होता. तेव्हा युद्ध व्हावयाचेच असेल, तर ते लवकर झालेले बरे, असे मत जर्मन सेनाधिकाऱ्यांत प्रसृत झाले.

जुलै १९१४ चा पेचप्रसंग : ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्सिस फर्डिनंड व त्याची पत्नी यांची २८ जून १९१४ रोजी बॉस्नियातील सारायेव्हो येथे गाव्ह्‌रीलो प्रिन्सिप या बॉस्नियन सर्ब युवकाने हत्या केली. कटवाल्यांना शस्त्रे सर्बियातून मिळाली होती. सर्बियाचा कायमचा बंदोबस्त करण्याची ही संधी आहे, असे ऑस्ट्रियाने ठरविले व जर्मनीचा अभिप्राय विचारला. ५ व ६ जुलै रोजी जर्मनीने बिनशर्त पाठिंब्याचे आश्वासन दिले. २३ जुलै रोजी ऑस्ट्रियाने सर्बियाला ४८ तासांच्या मुदतीचा निर्वाणीचा खलिता धाडला. सर्बियाने त्यातील बहुतेक मागण्या मान्य केल्या. हे उत्तर २८ जुलै रोजी वाचल्यावर आता युद्धाचे कारण उरले नाही, असा शेरा खुद्द कैसरने लिहिला. परंतु त्याच दिवशी ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले होते.

त्यानंतरच्या आठवड्यातील घटना लष्करी योजनांचा प्रभाव स्पष्ट करतात. २९ जुलै रोजी रशियाच्या झारने सार्वत्रिक सैन्यसज्जतेचा आदेश कैसरची तार आल्यावर मागे घेतला. पण अर्धवट सज्जतेने सर्वच नियोजन विसकटेल, असा आग्रह सेनाधिकाऱ्यांनी धरल्याने ३० जुलै रोजी तो पुन्हा काढला. १ ऑगस्ट रोजी जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. ब्रिटन कदाचित तटस्थ राहील, अशा चुकीच्या समजुतीने कैसरने त्या दिवशी सर्व सैन्य पूर्वेकडे वळविण्याची सूचना केली. तेव्हा लाखोंच्या सैन्याची मांडणी ऐनवेळी बदलता येत नाही, असे सरसेनापती मोल्टके याने सांगितले. ३ ऑगस्टला जर्मनीने फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारले व दुसऱ्या दिवशी जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसले. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या करारान्वये ब्रिटनने दिली होती. त्यामुळे ४ ऑगस्ट रोजी ब्रिटनही युद्धात उतरला. आपले पाऊल बचावाचे असून युद्ध दुसऱ्याने लादले, असे प्रत्येक शासनाने आपल्या प्रजेला सांगितले व प्रजेने बहुतांशी ते मानले.

युद्धाचा ओघ : झटपट विजयाची सर्वांची अपेक्षा फोल ठरली. सप्टेंबर १९१४ मधील मार्नच्या लढाईत जर्मन आगेकूच रोखली गेली व स्वित्झर्लंडच्या सीमेपासून उत्तर समुद्रापर्यंत खंदकांची रांग उभी राहिली. पूर्वेकडे टॅननबर्ग येथे ऑगस्टमध्येच रशियाचा दारुण पराभव झाला. यांत्रिक बंदुका, तोफखाना व काटेरी तारा यांमुळे बचाव सोपा आणि चढाई अतिशय महाग झाली. सॉमच्या लढाईच्या पहिल्या दिवशी (१ जुलै १९१६) एकट्या ब्रिटिश सैन्याचे सुमारे ५७ हजार सैनिक हताहत झाले. त्यांपैकी १९ हजारांहून अधिक मरण पावले. व्हर्दंची लढाई १९१६ मध्ये दहा महिने चालली. ही कोंडी फोडण्यासाठी नवी साधने वापरण्यात आली : जर्मनीने एप्रिल १९१५ मध्ये ईप्र येथे विषारी वायू सोडला, तर ब्रिटनने सप्टेंबर १९१६ मध्ये रणगाडे आणले. १९१४ मध्ये तुर्कस्तान, तर १९१५ मध्ये बल्गेरिया मध्यवर्ती राष्ट्रांना मिळाले. याउलट इटली १९१५ मध्ये प्रादेशिक लाभाचे गुप्त आश्वासन मिळवून दोस्तांच्या बाजूस गेली.

युद्ध लांबल्यावर ते सैन्याइतकेच समाजांचेही झाले. ब्रिटिश नाकेबंदीमुळे जर्मनीत अन्नटंचाई निर्माण झाली. तिला प्रत्युत्तर म्हणून जर्मनीने १ फेब्रुवारी १९१७ पासून अनिर्बंध पाणबुडी युद्ध सुरू केले आणि ६ एप्रिल रोजी अमेरिका युद्धात उतरली. त्याच वर्षी मार्चमधील क्रांतीने झारशाही कोसळली; नोव्हेंबरमध्ये बोल्शेव्हिकांनी सत्ता घेतली व ३ मार्च १९१८ रोजी ब्रेस्त-लितोव्हस्कचा तह करून रशिया युद्धातून बाहेर पडला. अमेरिकन सैन्य मोठ्या संख्येने येण्यापूर्वी निर्णय लावावा, म्हणून जर्मनीने २१ मार्च १९१८ रोजी पश्चिम आघाडीवर अखेरची मोठी चढाई केली, ती फसली. ऑगस्टपासून जर्मन सैन्य मागे हटू लागले. बल्गेरिया, तुर्कस्तान व ऑस्ट्रिया यांनी पाठोपाठ शस्त्रसंधी केला. ९ नोव्हेंबरला कैसर पदच्युत झाला व ११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध थांबले.

भारत आणि महायुद्ध : ब्रिटनने युद्ध पुकारताच भारताची संमती न विचारता भारतही युद्धात सामील झाला. सप्टेंबर १९१४ मध्ये ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने मद्रासच्या तेलटाक्यांवर मारा केला. त्याच महिन्यात भारतीय सैन्य फ्रान्समध्ये उतरले. युद्धकाळात दहा लाखांहून अधिक भारतीय सैनिक व कामगार परदेशी गेले आणि सुमारे ७४ हजार मृत्युमुखी पडले. सर्वांत मोठी कामगिरी मेसोपोटेमियाच्या आघाडीवर होती. तेथे गेलेल्या सहाव्या (पुणे) डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. देश व कोकणातील अनेक शेतकरी कुटुंबांतील तरुण त्यांत होते. बगदादकडील मोहीम अपुऱ्या दळणवळणामुळे फसली व हे सैन्य डिसेंबर १९१५ मध्ये कुत अल्-अमारा येथे वेढले गेले. सुमारे पाच महिन्यांच्या उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी त्याने शरणागती पत्करली. कैदेत पडलेल्यांपैकी हजारो सैनिक वाटचालीत व श्रमछावण्यांत मरण पावले.

कुतच्या पराभवाचे राजकीय पडसाद दूरवर उमटले. चौकशी आयोगाच्या १९१७ मधील अहवालाने भारत सरकारच्या गैरव्यवस्थेवर ठपका ठेवला. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला व त्यांच्या जागी आलेल्या एडविन माँटेग्यू यांनी २० ऑगस्ट १९१७ रोजी जबाबदार राज्यपद्धती क्रमाक्रमाने देण्याचे धोरण जाहीर केले. युद्धसाहाय्याच्या मोबदल्यात स्वराज्य मिळावे, ही मागणी तत्पूर्वीच जोर धरू लागली होती. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये होमरूल लीग स्थापन केली. जून १९१८ मध्ये गव्हर्नर विलिंग्डन यांनी मुंबईत बोलावलेल्या युद्ध परिषदेत टिळकांनी देशाच्या संरक्षणाचा संबंध स्वराज्याशी जोडताच त्यांना बोलू दिले गेले नाही, तेव्हा ते सभात्याग करून बाहेर पडले. हिंदुस्थानच्या तिजोरीतून ब्रिटनला दहा कोटी पौंडांची देणगी देण्यात आली. महागाई वाढली, जानेवारी १९१९ मध्ये मुंबईच्या एक लाखाहून अधिक गिरणीकामगारांनी संप केला. जून १९१८ मध्ये मुंबईत दिसू लागलेल्या इन्फ्ल्यूएंझाच्या साथीत देशात सव्वा कोटीच्या आसपास वा त्याहूनही अधिक लोक दगावले असावेत. रणांगणावरील हानीपेक्षा ही हानी कितीतरी पटींनी मोठी होती.

शांतता तह : पॅरिस येथील परिषदेत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्सन, ब्रिटनचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज व फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो यांचे वर्चस्व होते. जर्मनीशी झालेल्या व्हर्सायच्या तहावर २८ जून १९१९ रोजी, म्हणजे सारायेव्होच्या हत्येनंतर बरोबर पाच वर्षांनी, सह्या झाल्या. जर्मनीने आल्सेस-लॉरेन फ्रान्सला परत दिले, पूर्वेकडील प्रदेश पोलंडला दिला व सर्व वसाहती सोडल्या. तिच्या सैन्यावर एक लाखाची मर्यादा पडली. तहाच्या २३१ व्या कलमाने युद्धातील हानीची जबाबदारी जर्मनी व तिच्या साथीदारांवर ठेवली आणि तिच्या आधारे १९२१ मध्ये १३,२०० कोटी सुवर्ण मार्क एवढी युद्धखंडणी ठरविण्यात आली. या कलमाने जर्मनीत सर्व पक्षांना संताप आला. युद्ध थांबले तेव्हा जर्मन सैन्य परकीय भूमीवर होते. त्यामुळे आपला पराभव झालाच नाही, घरच्या फितुरांनी घात केला, ही दंतकथा तेथे सहज रुजली. ऑस्ट्रिया, बल्गेरिया, हंगेरी व तुर्कस्तान यांच्याशी स्वतंत्र तह झाले. तुर्कस्तानबाबतचा सेव्ह्‌रचा तह केमाल पाशाच्या राष्ट्रीय चळवळीने धुडकावला व १९२३ मध्ये लोझॅन येथे नवा तह करावा लागला.

परिणाम : (१) जर्मन, ऑस्ट्रो-हंगेरियन, रशियन व ऑटोमन ही साम्राज्ये नष्ट झाली आणि पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, यूगोस्लाव्हिया, फिनलंड व बाल्टिक राज्ये स्वतंत्र राष्ट्रे म्हणून पुढे आली. तथापि मिश्र वस्तीच्या प्रदेशांत स्वयंनिर्णयाचे तत्त्व सर्वांना सारखे लावणे अशक्य होते; नव्या राष्ट्रांत नवे अल्पसंख्य निर्माण झाले.

(२) युद्धकाळात दिलेली आश्वासने परस्परविरोधी होती. मॅकमेहन पत्रव्यवहारात अरबांना स्वातंत्र्याची आशा दाखविण्यात आली. १९१६ च्या साइक्स-पीको करारात तोच प्रदेश ब्रिटन व फ्रान्स यांनी वाटून घेतला. नोव्हेंबर १९१७ च्या बॅल्फर घोषणेने पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय वसतिस्थानास पाठिंबा दिला. हे प्रदेश मँडेट पद्धतीने विजेत्यांच्या हाती गेले. पश्चिम आशियातील पुढील अनेक संघर्षांचे मूळ येथे सापडते.

(३) स्वयंनिर्णयाचे तत्त्व यूरोपबाहेर लागू झाले नाही. शँटुंगमधील जर्मन हक्क जपानला दिल्याने चीनने व्हर्सायच्या तहावर सही केली नाही व तेथे ४ मे १९१९ ची चळवळ उभी राहिली. ईजिप्तमध्ये त्याच वर्षी उठाव झाला. भारताच्या वतीने माँटेग्यू व बिकानेरचे महाराज गंगासिंह यांनी तहावर सह्या केल्या आणि भारत राष्ट्रसंघाचा संस्थापक-सदस्य झाला. पण काँग्रेसने प्रतिनिधी म्हणून निवडलेल्या टिळकांना पॅरिसला जाण्याची परवानगी मिळाली नाही. त्यांनी लंडनहून क्लेमांसो यांना पत्र पाठवून भारताची बाजू मांडली. मायदेशी मात्र मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा संमत झाला व १३ एप्रिल रोजी जालियनवाला बागेत गोळीबार झाला. युद्धात निष्ठा दाखविल्याने हक्क मिळतील, ही अपेक्षा त्यामुळे मावळली. तुर्की खलीफाच्या प्रश्नावरील खिलाफत चळवळ व असहकाराचे आंदोलन यांची पार्श्वभूमी अशा रीतीने तयार झाली.

(४) यूरोप कर्जबाजारी झाला व अमेरिका जगाची धनको बनली. खंडणी, आंतरराष्ट्रीय कर्जे व अमेरिकन भांडवल यांचे जे चक्र तयार झाले, ते १९२९ च्या महामंदीत तुटले. खंडणी थकल्यावरून फ्रान्स व बेल्जियम यांनी १९२३ मध्ये रूर प्रदेश व्यापला आणि जर्मन मार्कचे मूल्य नाहीसे होऊन मध्यमवर्गाची बचत बुडाली.

(५) स्त्रिया कारखान्यांत व कार्यालयांत मोठ्या संख्येने आल्या. ब्रिटन व जर्मनी यांनी १९१८ मध्ये, तर अमेरिकेने १९२० मध्ये स्त्रीमताधिकारास मान्यता दिली, तथापि ब्रिटनमध्ये तो प्रथम तिशीवरील काही स्त्रियांपुरता होता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना १९१९ मध्ये व राष्ट्रसंघ १० जानेवारी १९२० रोजी अस्तित्वात आला. अमेरिकन सीनेटने तहास मान्यता न दिल्याने राष्ट्रसंघ आरंभापासून दुबळा राहिला.

मूल्यमापन : युद्धाची जबाबदारी कोणाची, या प्रश्नावर इतिहासकारांत दीर्घकाळ वाद चालू आहे. दोन महायुद्धांमधील काळात जबाबदारी सर्वांचीच होती, असे मत प्रचलित होते. १९६१ मध्ये फ्रिट्‌स फिशर या जर्मन इतिहासकाराने जर्मन राज्यकर्त्यांची विस्तारवादी उद्दिष्टे पुढे आणून मुख्य दोष जर्मनीवर ठेवला. क्रिस्टोफर क्लार्क यांनी २०१२ मधील ग्रंथात सर्वच राजधान्यांतील राज्यकर्ते परिणामांचे भान न ठेवता पुढे गेले, असे प्रतिपादन केले. उपलब्ध पुराव्यावरून असे दिसते, की ऑस्ट्रियाने स्थानिक युद्धाचा निर्णय जाणूनबुजून घेतला व जर्मनीने त्यातील धोका पत्करला. परंतु त्या युद्धाचे महायुद्धात रूपांतर झाले, ते माघार घेण्यास वाव न ठेवणाऱ्या योजना सर्वांनीच आखल्या होत्या म्हणून. शांतता करतानाही पराभूतांना व वसाहतींना विचारविनिमयात स्थान नव्हते. व्हर्सायच्या तहामुळेच दुसरे महायुद्ध झाले, असे म्हणणे अतिव्याप्त ठरेल. कारण १९२५ नंतर काही वर्षे यूरोपात समझोत्याचे वातावरण होते व महामंदीनंतरच हिटलर १९३३ मध्ये सत्तेवर आला. मात्र त्याने ज्या असंतोषाचा उपयोग केला, तो या तहाने पुरविला होता. युद्धखंडणीच्या फेडीसाठी काढलेल्या रोख्यांवरील अखेरचा हप्ता जर्मनीने ३ ऑक्टोबर २०१० रोजी चुकता केला.